विसण न पडलेलं पाणी

दि. १४ ऑक्टोबर, सकाळ

भाऊजींना नमस्कार.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. छपराचे पत्रे काल आवळून घेतले. हे पत्र बर्फवाल्याच्या हाती देते आहे. माझा फोन तुम्ही उचलत नाही, पण मासळीला बर्फ लागतो, त्याला टाळून तुमचं चालायचं नाही.

तोच काल सांगत होता, "धाकटे मालक बोटीवरच राहणार. नदीच्या मुखाशी नांगर टाकलाय. म्हणतात, मागच्या आठवड्यातल्या वादळानं समुद्र घुसळून गार केलाय, आता या दुसऱ्याचा दम निघेल."

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तुमचे दादा याच ओट्यापाशी उभे राहून हेच म्हणाले होते. त्या दुसऱ्या वादळानं त्यांना नेलं.

म्हणणं खोटं नाही. तेव्हापासून मी वाचनालयातून समुद्रावरची पुस्तकं आणते. अडलं की पुन्हा पहिल्या पानापासून. वादळ गरम पाण्यावर पोसतं. त्याचाच वारा खालचं थंड पाणी वर ओढतो, आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालावं तसं. मागून येणारं वादळ तिथे मंदावतं. पण ते भर समुद्रात. मुखाशी पुराच्या दिवसांत नदीचं गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं, लांबवर पसरतं. खालच्या जड खाऱ्या पाण्यात सहजी मिसळत नाही. वारा वरचंच घुसळत बसतो, विसण पडतच नाही. पाणी गरम ते गरमच. तिथे वादळाचा दम निघेल, हे धरून चालू नका.

दादा तिथे चुकले. तुम्ही नाही. नांगर टाकायची जागा त्यांनीच ठरवली होती, मला सांगून गेले होते. तुम्ही पोहत किनाऱ्याला लागलात याचा मला कधी राग आला नाही. माझ्या दारावरून मान खाली घालून जाता, त्याचा येतो.

बोट जाते तर जाऊ द्या. खलाशांना घरी पाठवा आणि दुपारच्या आत इकडे या. आतली खोली झाडून ठेवली आहे. ओले होऊन आलात तर दादांचे कपडे तुम्हाला होतील. मी ते कुणाला दिलेले नाहीत.

वारा आत्ताच फिरला. बर्फवाला बाहेरून ओरडतो आहे, "वहिनी, आटपा!" तुमच्या तोंडून ही हाक ऐकून फार दिवस झाले.

दाराला कडी लावणार नाही. आपटलं तर आपटू दे.

तुमची अजूनही,
वहिनी