सव्वासात ते आठ

३ मार्च २०२५, सोमवार

एकतीस टक्के! चहावर साय धरली तरी मी आपली स्क्रीनकडेच बघतेय. तीनदा बेरीज केली. शंभर लिटर पाणी सोडलं की त्यातलं एकतीस लिटर गायब!

केडगावच्या चार नंबर लाइनवर डिसेंबरात स्मार्ट मीटर बसवले. लाइनच्या तोंडाशी एक मोठा आणि दोनशे बारा घरांना एकेक छोटा. दर पंधरा मिनिटांनी आकडा माझ्यापुढे येतो. पाणी दिवसाआड, सकाळी सहा ते आठ. सव्वासातपर्यंत सगळं जुळतं. मग घरांचे मीटर थांबतात, कारण टाक्या भरलेल्या असतात. मोठा मात्र आठपर्यंत फिरतच राहतो. पाऊण तास!

पाइप फुटला असता तर सहापासूनच दिसलं असतं. हे कुणीतरी घड्याळ लावून नेतंय.

५ मार्च, बुधवार

आज घरांचे आकडे चाळले. घरात माणसं दोन असोत की आठ, दर खेपेला अख्खी टाकी नव्याने भरते. मग आधीचं उरलेलं पाणी जातं कुठे? चार घरी जाऊन विचारलं. चौघींचं उत्तर एकच — शिळं पाणी ओतून देतो, नळ आला की ताजं भरतो. मी तिथेच भाषण ठोकलं. सावेडीत घरी येऊन बघते तर आमची आई भरली कळशी मोरीत उपडी करतेय! मी चिडले. तर म्हणे, मग कालचं पाणी देवाला घालू का?

डोकं धरून बसले.

६ मार्च, गुरुवार

आमच्या पाणीपुरवठा विभागाच्या दहातोंडेसाहेबांना अहवाल दिला. शिफारस एकच — लाइनच्या व्हॉल्व्हची चावी आठला नको, सव्वासातला बंद करा. साहेबांनी आलेखावर बोट ठेवलं आणि विचारलं, या लाइनचा चावीवाला कोण?

गोरक्षनाथ काका. बावीस वर्षं त्या लाइनची चावी उघडतात आणि बंद करतात. अजून रोजंदारीवरच. याच महिन्यात कायम व्हायचे आहेत. साहेब म्हणाले, टँकरवाल्यांना पाणी देत असणार. मला पटलं. खरं लिहायचं तर बरंच वाटलं — माझ्या आकड्यांनी चोर पकडला!

१० मार्च, सोमवार

काकांना घरी बसवलं. चौकशी होणार. ऑफिसच्या जिन्यात समोरासमोर आले, मी नजर चुकवून निघणार तोच त्यांनी थांबवलं. "ताई, तुमच्या मिशनीला समदं दिसतं का वं?"

मी तोऱ्यात म्हटलं, सगळं दिसतं. ते मान हलवून खाली उतरले.

१२ मार्च, बुधवार

काकांनी लेखी दिलं. 'मी टँकरला पाणी विकत होतो.' एवढंच, खाली सही. मी कागद दोनदा वाचला. दर संक्रांतीला टेबलाटेबलाशी येऊन तिळगूळ देणारा माणूस! मला वाटलं होतं नाकारतील, भांडतील, निदान माझ्यावर चिडतील. काहीच नाही. आता कायम होणं तर सोडाच, रोजंदारीही गेली.

मग मला का रडू येतंय?

१७ मार्च, सोमवार

एकतीसवर होती ती गळती चार टक्क्यांवर आली! नवा माणूस आठवडाभर सव्वासातला चावी बंद करतोय. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आता आणखी सहा लाइनींवर हेच करणार म्हणाले. पेढे वाटले. एक पेढा टेबलावर तसाच राहिला, काकांच्या वाटचा असावा असं उगाच वाटलं.

१९ मार्च, बुधवार

लिहायला लाज वाटतेय. तरी लिहितेच.

साहेबांना फोटो हवे होते म्हणून सकाळी सातला स्कूटरवरून केडगावला गेले. सव्वासातला नव्या माणसाने चावी बंद केली, त्याचा फोटो काढला. म्हटलं लाइनीचं शेवटचं टोकही टिपून घेऊ. शेवटच्या मीटरच्या घरापुढे ओढा आहे. ओढ्यापलीकडे एक गल्ली. पत्र्याची, विटांची घरं. दारोदारी नळ आणि नळाखाली रिकामे हंडे! बायका नुसत्या बसलेल्या.

मी विचारलं, पाणी कधी येतं? लंकाबाई नावाच्या वयस्कर बाई होत्या, त्या म्हणाल्या, "वरच्यांच्या टाक्या भरल्या की मंगच आमच्याकडं जोर येतो. गोरकनाथ हुता तवर आठपत्तुर पानी मिळायचं. आता नऊ दिस झाले, थेंब न्हाई."

माझी एकतीस टक्के गळती हंडे घेऊन समोर बसली होती! टँकर नाही, चोरी नाही. पाऊण तास अडतीस घरं पाणी भरत होती. ही सगळी गुंठेवारीतली घरं, त्यामुळे मीटर बसवणाऱ्यांच्या यादीत ती आलीच नाहीत. आणि माझ्या स्क्रीनवर जे नाही ते जगातच नाही, असं मी धरून चालले. किती मूर्ख असावं माणसाने!

मी विचारलं, मग ऑफिसात तक्रार का नाही केली? लंकाबाई म्हणाल्या, "आमी कोन्च्या तोंडानं येनार?"

वहीत घरोघरची नावं लिहून घेतली. बायका कां कू करत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. मी म्हटलं, काकांना सोडवायला ही नावं हवीत. त्यावर लंकाबाईंनी आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग सगळ्यांनी सांगितलं.

काकांनी खोटं का लिहून दिलं? घाबरले असणार. दुसरं काय!

२० मार्च, गुरुवार

दुरुस्तीची टिपणी दिली. पाणी चोरीला गेलेलं नाही, अडतीस घरं ते वापरत होती. पुरावा म्हणून सोबत नावांची यादी. काका सुटले! कितीतरी दिवसांनी आज पोटभर जेवले.

२१ मार्च, शुक्रवार

काका घरी आले. आवाज चढवला नाही. दारातच उभे राहून म्हणाले, "ताई, त्यातला येक बी नळ मंजूर न्हाई. म्हनून तर म्या चोरी कबूल केली. तुमी नावं कशाला लिवली?"

टिपणीवर साहेबांचा शेरा पडलाय — सोबतच्या यादीप्रमाणे अडतीस अनधिकृत नळ सोमवारी तोडावेत. यादी माझ्या अक्षरात आहे.