उडदामेथीतली लवंग

डिचोली, बुधवार संध्याकाळ

मुंबई-पुण्यात ‘अस्सल गोमंतकी’ पाट्यांखाली कितीदा जेवले, पण आईच्या बांगड्याच्या उडदामेथीच्या कालवणाची चव कुठेच नाही. ती वाटणात गुपचूप एक लवंग घालायची. हे फक्त मलाच ठाऊक. आज दुपारी इथल्या नव्या खाणावळीत पहिल्याच घासाला ती लवंग लागली.

आचारी कोल्हापूरचा. विचारलं, “हे कुणी शिकवलं?”

“मांद्र्याची एक म्हातारी सकाळी येती, ताई. आज म्हणाली, लेक येणार, लवंग विसरू नको.”

आई मांद्र्याचीच. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मी पुन्हा भात मागितला.

निघताना म्हटलं, “उद्या आली तर सांगा, लेक पोटभर जेवली.”