खाते क्र. ८७ वरील अकरा नियम ‘अवैध’ म्हणून न पुसण्याबाबत

दिनांक : १९ ऑक्टोबर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सामायिक ईमेल सेवा कक्ष,
कारागीर संघ कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : खाते क्र. ८७ चे मयत खातेदार (व्यवसाय सुतारकाम) यांची मुलगी. व्यवसाय : ग्रंथालयात नोंदणी साहाय्यक.

विषय : वरील खात्यावर खातेदाराने स्वतः केलेले स्पॅम फिल्टरचे नियम जतन करण्याबाबत, व त्यांपैकी दहा अमलात आणण्याबाबत.
(अर्जदार एरवी विषय लिहीत नाही. त्याचा खुलासा परिच्छेद २ मध्ये आहे.)

संदर्भ : १) आपले परिपत्रक, दि. ४ डिसेंबर. २) आपले पत्र ‘अवैध नियम व खाते समाप्ती’, दि. ५ ऑक्टोबर.

महोदय,

१. अर्जदाराचे वडील संघाचे जुने सभासद होते. संघाच्या सर्व्हरवर दोनशे बारा सभासदांची ईमेल खाती एकत्र आहेत, त्यांतले सत्त्याऐंशीवे त्यांचे. चाळीस वर्षे करवतीच्या मशीनशेजारी उभे राहिल्याने त्यांचे कान गेले होते. फोन केला तर ते स्वतःचे म्हणणे मोठ्याने सांगत, ‘बरं, ठेवतो’ म्हणत आणि ठेवत. समोर बसले की ओठांवरून त्यांना सगळे कळे, पण अर्जदार नोकरीमुळे दुसऱ्या गावी राहते. त्यामुळे बाप-लेकीत बोलण्याचा मार्ग म्हणून हे ईमेल खातेच होते.

२. अर्जदार दर रविवारी सकाळी वडिलांना एक पत्र पाठवी. पत्र म्हणजे, ती त्या आठवड्यात जे पुस्तक वाचत असेल त्यातल्या एका पानाचा फोटो. सोबत मजकूर नसे, विषयही नसे. आठवडाभर कार्यालयात दुसऱ्यांच्या पुस्तकांना विषय देऊन झाल्यावर रविवारी आणखी एक विषय लिहिणे तिच्या जिवावर येई. सोमवारी वडिलांचे उत्तर येई : ‘पान मिळाले. दोनदा वाचले.’ कधी, ‘पुढे काय झाले ते कळव.’ एकदा, ‘या लेखकाला लाकडातले काही कळत नाही, शिसवीला असा वास नसतो.’ सहा वर्षे हा क्रम चुकला नाही.

३. गेल्या नोव्हेंबरात संघातल्याच एका केशकर्तनालयाच्या खात्याचा पासवर्ड कोणीतरी पळवला आणि त्या खात्यातून हजारो जाहिराती सुटल्या. सुक्याबरोबर ओलेही जळते, या न्यायाने आपण सर्व दोनशे बारा खात्यांचा फिल्टर कडक केला. पूर्वी पाच गुण पडले तर पत्र स्पॅममध्ये जाई, आता तीनला जाऊ लागले. अर्जदाराने आपल्या मदत केंद्राकडून हिशेब समजून घेतला आहे. विषय नाही : १.२. मजकुराऐवजी नुसता फोटो : १.४. फुकट सेवेवरून पाठवलेले : ०.८. एकूण ३.४. याच वडिलांनी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर गुण न पाहता सही केलेली असल्याने अर्जदाराला गुणांची भीती कधी शिकवली गेली नव्हती.

४. ७ डिसेंबरपासून २३ ऑगस्टपर्यंत अडतीस रविवार होतात. त्या अडतीस रविवारची अडतीस पत्रे स्पॅममध्ये गेली. वडिलांच्या सुतारी कारखान्यातल्या जुन्या संगणकावरचा प्रोग्राम फक्त इनबॉक्स उतरवून घेई, स्पॅमचा कप्पा त्यावर दिसतच नसे, आणि आपल्या नियमाप्रमाणे तो कप्पा दर तीस दिवसांनी आपोआप रिकामा होई. वडिलांना वाटले, मुलीने लिहिणे सोडले. मुलीला वाटले, वडिलांनी उत्तर देणे सोडले.

५. येथे आपण साहजिकच विचाराल की, दोघांपैकी एकाने तरी विचारले का नाही. अर्जदाराच्या घरी विचारणे हे मागण्याइतकेच अवघड समजले जाई. त्यातून, आधीच्या दिवाळीतल्या भेटीत अर्जदाराने वडिलांना कारखाना बंद करून आपल्याकडे राहायला येण्याविषयी सुचवले होते व ते ‘बघू’ म्हणाले होते. उत्तरे थांबल्यावर तो ‘बघू’ म्हणजे राग होता, असा अर्थ तिने लावला. मार्चमध्ये एका फोटोखाली तिने ‘मिळालं का?’ एवढे दोन शब्द लिहिले. एवढ्याला फिल्टर मजकूर धरत नाही, तेही फोटोबरोबर स्पॅममध्ये गेले.

६. एप्रिलमध्ये अर्जदार दोन दिवस वडिलांकडे जाऊन आली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना वडील रंध्याचे पाते पुसत होते. वर न बघता म्हणाले, ‘हल्ली वाचतेस का काही?’ अर्जदाराला तो टोमणा वाटला. दर रविवारी पान पाठवते आहे आणि हे असे विचारताहेत. ती म्हणाली, ‘वाचते की.’ ते म्हणाले, ‘वाचावं.’ एवढ्यावर विषय संपला. अर्जदार या प्रसंगाकडे आता फार वेळा परत जाते. परंतु तो आपल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

७. २७ ऑगस्टला वडील कारखान्यात पडले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले. ६ सप्टेंबरला गिऱ्हाइकांना कळवण्यासाठी अर्जदाराने त्यांचा ईमेल आपल्या फोनवरून उघडला. पासवर्ड हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतून, सुताराच्या चपट्या पेन्सिलीने लिहिलेला होता. स्पॅमच्या कप्प्यात तिची शेवटची तीन पत्रे न उघडलेली सापडली. आणि शेजारी ‘माझे नियम’ नावाचे पान होते, ज्यावर अकरा नियम होते.

८. आपल्या ४ डिसेंबरच्या परिपत्रकात म्हटले होते की, ज्यांना हवे त्यांनी आपल्या खात्यापुरते वेगळे नियम करावेत; थेट त्याच पानावर नेणारी लिंक परिपत्रकात होती. त्या पानावर ‘अट’ असा एक मोकळा रकाना आहे आणि त्यापुढे ‘कृती’. कृतीमध्ये वडिलांनी प्रत्येक वेळी ‘आत सोडा’ हा पर्याय अचूक निवडला आहे. अटीच्या रकान्यात पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा असतो. वडिलांना वाटले, पलीकडे कोणी माणूस बसलेला आहे, तो वाचेल. त्यांनी त्याला सांगायला सुरुवात केली. अर्जदाराने नियम हाताने उतरवून घेतले आहेत, त्यांतले काही पुढे देत आहे.

नियम १ (५ जानेवारी) : मुलीचे पत्र आल्यास आत सोडावे.

नियम २ : मुलगी म्हणजे माझी मुलगी. बाहेरगावी असते. पत्र रविवारी येते.

नियम ४ : ती वर विषय लिहीत नाही. सांगून झाले आहे. त्यावरून अडवू नये.

नियम ५ : लॉटरी लागल्याची पत्रे येत नाहीत हल्ली, ते चांगले केले. त्याबद्दल तक्रार नाही.

नियम ६ : पत्रात पुस्तकाच्या पानाचा फोटो असतो. खाली कोपऱ्यात तिचा अंगठा आलेला असतो. त्यावरून ओळखावे.

नियम ७ (१६ एप्रिल) : मुलगी येऊन गेली. वाचते म्हणाली. म्हणजे पत्रे येत असणार. कृपया पुन्हा पाहावे.

नियम ९ : साहेब, घाई नाही. सोमवारी सोडले तरी चालेल.

नियम १० : मागची काही राहून गेली असल्यास, शिळी चालतील.

९. अकरापैकी नऊ नियमांची तारीख सोमवारची आहे. रविवार संपेपर्यंत ते वाट बघत असावेत. अर्जदाराची आत्या कारखान्याच्या गल्लीतच राहते. तिचे म्हणणे असे : ‘अगं, रविवारी तो मशीन बंद ठेवायचा. म्हणे, पत्र आलं की टिंग वाजतं, करवतीत ऐकू येत नाही. मी म्हटलं, दादा, तुला असंही कुठं ऐकू येतं? तर म्हणतो, दिसतं.’ आणि नियमांबद्दल तिने असे सांगितले की, दर वेळी नियम लिहिला की पडद्यावर ‘नियम जतन झाला. धन्यवाद.’ असे येई. त्यावर वडील आत्याला म्हणत, ‘तिथला माणूस सज्जन आहे. काम करत नाही, पण धन्यवाद म्हणतो.’ हे मला आधी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर आत्या म्हणाली, ‘शपथ घातली होती त्यानं. आमच्या बापाची शपथ मोडू का?’

१०. यानंतर अर्जदाराच्या हातून एक चूक झाली. नियम क्र. १ मध्ये वडिलांच्या वाक्याच्या जागी आपला ईमेल पत्ता टाकायला तिला अर्धे मिनिट लागले असते. परंतु मेलेल्या माणसाच्या कागदात त्याच्या परवानगीशिवाय हात घालू नये, रीतसर करावे, असे तिला वाटले. म्हणून १० सप्टेंबरला तिने मृत्यूचा दाखला आपल्या कार्यालयात दिला. त्याच दिवशी खाते ‘केवळ वाचनासाठी’ झाले, आणि नवे पत्र त्यात घेणेही बंद झाले.

११. त्यानंतर अर्जदाराने मदत केंद्राला चार वेळा फोन केला. पहिल्यांदा सांगण्यात आले की नियम फक्त खातेदार बदलू शकतो, ‘तर वडिलांनाच एकदा लॉग-इन करायला सांगा ना.’ कारण सांगितल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, ‘सॉरी ताई. पण सिस्टीममध्ये तसा पर्याय नाहीये.’ तिचा स्वर खरोखर वाईट वाटल्याचा होता, तिच्याविरुद्ध या अर्जात काही नाही. तिसऱ्या फोनला अर्जदाराने विचारले की, हे नियम कधी कोणी वाचले होते का? तीच मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘ताई, तिकडं माणूस नसतो हो. सगळं आपोआप असतं.’ चौथ्यांदा अर्जदाराने फोन केला तो काही विचारण्यासाठी नव्हता, त्यामुळे त्याची नोंद धरू नये.

१२. ५ ऑक्टोबरच्या पत्राने आपण कळवले आहे की, ३१ ऑक्टोबरला सर्व्हर बदलताना खाते क्र. ८७ समाप्त होईल व त्यावरील ‘अकरा अवैध नियम’ पुसले जातील. अर्जदाराची त्यावर हरकत आहे. नियम अपुरे आहेत, हे तिला मान्य आहे. पत्ता नाही, हेही मान्य. परंतु पाठवणारी व्यक्ती कोण, ती कोणत्या वारी लिहिते, तिच्या पत्राची खूण काय आणि तिचा दोष कोणता, हे इतके नेमके सांगणारी नोंद अर्जदाराने तिच्या नोकरीतही पाहिलेली नाही. आपल्या फिल्टरने तिला ३.४ गुणांवर ओळखले. वडिलांनी अंगठ्यावरून ओळखले.

१३. सबब विनंती की,

(अ) ‘अवैध’ हा शेरा काढून त्या जागी ‘न वाचलेले’ असे लिहावे.

(आ) नियम क्र. १ मध्ये वडिलांचे वाक्य तसेच ठेवून त्याखाली अर्जदाराचा पत्ता जोडावा. आपल्याच परिपत्रकाप्रमाणे असा नियम त्या एका खात्यापुरता असतो, त्याने उरलेल्या दोनशे अकरा सभासदांच्या टपालाला काही होत नाही.

(इ) खाते पत्रे घेण्यासाठी पुन्हा खुले करून अडतीस रविवार चालू ठेवावे. अर्जदार त्या अडतीस पानांपैकी दर रविवारी एक पुन्हा पाठवील. ती शिळी आहेत, परंतु नियम १० पाहावा. ती इनबॉक्समध्ये पडावीत, इतकेच. ती वाचायला तिथे कोणी नाही हे अर्जदाराला ठाऊक आहे, कृपया ते तिला पुन्हा कळवू नये.

(ई) यंत्राला वाक्ये वाचता येत नसल्याने वरील गोष्ट अशक्य असेल, तर अर्जदार दर रविवारी आपल्या कार्यालयात येऊन बसण्यास तयार आहे. एक खुर्ची पुरे. खाते क्र. ८७ साठी आलेले प्रत्येक पत्र ती स्वतः उघडील, कोपऱ्यात अंगठा आहे का ते बघील आणि असल्यास आत सोडील. रविवारी कार्यालय बंद असल्यास सोमवारी, नियम ९ प्रमाणे. वडिलांना तिथे एक माणूस बसलेला वाटत होता. अडतीस आठवडे तो असावा.

१४. अकरावा नियम अर्जदाराने वर दिलेला नाही. तो १७ ऑगस्टचा, म्हणजे वडील जाण्यापूर्वी दहा दिवसांचा आहे. तो असा :

‘पत्र पाठवतच नसेल तर राहू द्यावे. मी चौकशी केली असे तिला कळवू नये. ती कामात असते.’

महोदय, अकरापैकी हा एकच नियम आपल्या कार्यालयाने तंतोतंत पाळला. उरलेले दहाही पाळावेत, एवढेच मागणे आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
खाते क्र. ८७ च्या खातेदाराची मुलगी
(नियम क्र. २ पाहावा)

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत (दुसऱ्यांदा).
२) अकरा नियमांची हस्तलिखित नक्कल, तारखांसह.
३) अडतीस पानांच्या छापील प्रती. प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा आहे. ओळख पटवण्यास अडचण येऊ नये.