अळूच्या पानांचे खांब

३ मार्च

बँकेची इमारत 'धोकादायक' लिहून द्यायची म्हणे! मी अजून हातोडाही लावला नव्हता, आणि चेअरमन गुणाजीराव चहा पुढे सरकवत म्हणाले, "मॅडम, स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे आपलं कागद पूर्ण करायचं. सी-वन टाका. टॉवरचा नकाशा तयार आहे." सी-वन म्हणजे रिकामी करा आणि पाडा. मी म्हटलं, "आधी बघू तर द्या." चहा तसाच ठेवून उठले.

५ मार्च

दिवसभर तिथेच. काय इमारत आहे! १९३४ची. संस्थापक मंडळी मुंबईच्या फोर्टातल्या बँका बघून आली आणि जुन्या कल्याणात तशीच हवी म्हणून हटून बसली. दगडाचा खर्च झेपेना, म्हणून विटांचे चार जाडजूड खांब, वर चुन्याचा गिलावा, त्यात दगडाचे सांधे वाटावेत अशा रेघा. खांबांच्या माथ्यावर ग्रीक धर्तीची पानं काढायची होती. ती आपल्या गवंड्याने कुठे पाहिली असणार? त्याने सरळ अळूची पानं काढली — देठासकट! वरच्या त्रिकोणात गजलक्ष्मी. शिडीवरून त्या पानांच्या मागे डोकावले, तर ओल्या चुन्यात बोटाने लिहिलेलं नाव सापडलं — धोंडिबा. शिडीवरच हसत बसले.

चारही खांब ठोकून पाहिले. एकही पोकळ आवाज नाही.

६ मार्च

गुणाजीरावांचा फोन. "बाळकुमच्या दोन सोसायट्यांचं काम तुमच्याकडे आहे ना? ती मंडळी आपल्या ओळखीतली हां." धमकी, पण आवाज किती गोड! सर्वेशला सांगितलं तर म्हणाला, "अगं, कशाला डोक्याला ताप? दे ना लिहून." नवरा असून असं बोलतो! ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन जेवले.

१० मार्च

पहिल्या मजल्यावर चेक क्लिअरिंगमधली कल्पिता भेटली. "मॅडम, पाडणार नाय ना? आम्हाला शीळफाट्याच्या ब्रांचला टाकतील." तिला म्हटलं, मी असताना कोण पाडतंय!

तळमजल्याच्या मागच्या भिंतीला प्लायचं पॅनेलिंग आहे. एका कोपऱ्यात खोलून पाहिलं — भिंत कोरडी. बाकीचं खोलायला सुतार आणायचा, मॅनेजरची कटकट ऐकायची. राहू दे. उत्तर दिसतंच आहे.

१२ मार्च

अहवाल दिला. इमारत सुरक्षित, किरकोळ दुरुस्ती. गुणाजीरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बघून घेऊ," म्हणाले. घ्या बघून! मजा आली मला, खोटं कशाला बोलू.

१४ मार्च

बाळकुमची दोन्ही कामं गेली. गेली तर गेली.

२२ मार्च

चौथा शनिवार, बँक बंद. सकाळी बँकेच्या एसीवाल्या महेंद्रचा फोन. "मॅडम, पाइप गळतोय म्हणून पॅनेल खोललंय. भिंत बघा ना एकदा. मला काय बरोबर वाटत नाय."

गेले. सगळं पॅनेलिंग काढायला लावलं. एसीचं पाणी कितीतरी वर्षं त्या भिंतीत मुरतंय. सांध्यातला चुना वाहून गेलाय. वीट धरली तर हातात आली! वरच्या मजल्याच्या लोखंडी तुळयांची टोकं याच भिंतीत आहेत. नऊपैकी सहा गंजून पापुद्र्यासारखी सुटलीत. त्यांच्यावर कल्पिता आणि आणखी अकरा माणसं रोज बसतात.

समोरचे चार खांब फक्त लक्ष्मीला पेलून आहेत. इमारतीचा भार या भिंतीवर. हे काय मला माहीत नव्हतं? पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं! पण त्या माणसाला तोंडावर पाडायचं होतं ना मला. त्या नादात अख्खी भिंत न बघता सही केली. लाज वाटते. महेंद्रने पाहिलं नसतं तर?

पाणी बंद करून भिंत बांधून काढता येईल का, म्हणून तीन वेळा हिशेब मांडला. नाही येत. हात लावला की वरचं खाली येईल.

२३ मार्च

गुणाजीरावांना फोन केला. "उद्या बँक उघडू नका. माणसं आत जाता कामा नयेत. सी-वन. मी लिहून देते."

ते मनापासून हसले. "आलात ना शेवटी लायनीवर!"

 उद्या उघडणार नाही, एवढं तीनदा वदवून घेतलं आणि फोन ठेवला.