उजवी खाच, डावी खाच

१० नोव्हेंबर
जत्रेला बावीस दिवस. देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचा, मान आमच्या घरचा. भाई, म्हणजे वडील, गेल्यापासून चुलत भाऊ गुरुप्रसाद घालतोय. वहीत बघून! देवापुढे दोनशे पानी वही! भाईंच्या पायाशी बसून लिहून घेतली म्हणे. यंदा गावाच्या बैठकीत मी मान परत मागितला. मिळाला. पाठ काहीच नाही, पण पाठांतर ज्यांच्याकडे रेकॉर्डिंग नसतं त्यांनी करावं. भाईंचं अख्खं गाऱ्हाणं मी २०१२ साली रेकॉर्ड केलंय, जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये आहे. कॉम्प्युटर भंगारात गेला. डिस्क मी राखली. दूरदृष्टी.

११ नोव्हेंबर
डिस्क सापडली. तांदळाच्या डब्यात ठेवली होती, दमट हवा लागू नये म्हणून. आईने डब्यावरून चार शब्द सुनावले. दुर्लक्ष.

१३ नोव्हेंबर
कणकवलीत मितेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मितेश म्हणाला, "डिस्क केवढी आसा ती तरी दाखवा." मला विचारतो! मी १९९८ साली टायपिंगबरोबर कॉम्प्युटरचा सर्टिफिकेट कोर्स केलाय. डिस्क न दाखवता जोडायची वायर घेऊन आलो.

१४ नोव्हेंबर
वायर लॅपटॉपच्या छोट्या डिस्कची निघाली. मोठ्या डिस्कला वेगळी वीज लागते. मितेशने हे स्पष्ट सांगायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर
निर्णय: डॉकिंग स्टेशन. डिस्क खाचेत उभी बसवायची, वायर लॅपटॉपला, की झालं. मितेश म्हणतो एका डिस्कला एका खाचेचा पुरे, नाहीतर डिस्क दुकानात आणा, फाइल पाच मिनिटांत काढून देतो. भाईंचा आवाज ह्याच्या काउंटरवर, प्रिंटरच्या शाईशेजारी? शोभत नाही.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
तीन तास रिव्ह्यू वाचले. लिहिणारे सगळे अडाणी. ऑर्डर केला तो दोन खाचांचा, क्लोन बटणवाला. बटण दाबलं की एका डिस्कची हुबेहूब दुसरी, लॅपटॉपसुद्धा नको. मितेशला असलं सुचलं असतं तर तो कणकवलीत बसला नसता.

१९ नोव्हेंबर
गुरुप्रसाद येऊन गेला. म्हणाला, "वही व्हयी तर घेवन जा, लाज धरू नको." पानांना कसर लागलीय. चहा दिला, वही परत दिली.

२४ नोव्हेंबर
डॉक नांदगावला कुरियरच्या ऑफिसात येऊन पडलाय. कुरियरवाल्याला आमचं घर सापडत नाही. स्टेशनपासून दोन वळणं! स्वतः जाऊन आणला.

२५ नोव्हेंबर
दुपारी चार. डिस्क फिरली! फोल्डर दिसला: 'भाई गाऱ्हाणं'. फाइल एकेचाळीस मिनिटांची. आई हात पुसत आली आणि पाटावर बसली. म्हणाली, "लाव रे. माका नुसतो आवाज आयकूचो आसा." मी समजावलं: तेरा वर्षांची डिस्क, कधीही बंद पडेल. आधी बॅकअप, मग ऐकणं. शिस्त म्हणजे शिस्त. ती थोडा वेळ बसली, मग उठून गेली.

२६ नोव्हेंबर
बॅकअपला तेवढ्याच साइजची कोरी डिस्क मितेशकडून आणली. तो म्हणाला, फाइल नुसती लॅपटॉपवर ओढून घ्या, बटणाच्या नादाला लागू नका. हसलो.

२७ नोव्हेंबर
माहितीपत्रक वाचलं. जुनी डिस्क उजव्या खाचेत, कोरी डाव्या. इथेच सामान्य माणूस फसतो. उजवी कुणाची? देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावतात, तेव्हा उजवी पाकळी म्हणजे देवाच्या उजवीकडची, समोर उभं राहणाऱ्याच्या नव्हे. डॉकचं तोंड माझ्याकडे. म्हणजे त्याची उजवी ती माझी डावी. जुनी डिस्क माझ्या डावीकडे बसवली. मानकऱ्याच्या घरात जन्मल्याचा हा फायदा.
बटण दाबलं. दोन तासांत डॉकवरचे चारही दिवे लागले, म्हणजे कॉपी पूर्ण. आईला सांगितलं, उद्या ऐकवतो.

२८ नोव्हेंबर
नवी डिस्क रिकामी. जुनीही रिकामी. मशीनमध्ये दोष असणार.

२९ नोव्हेंबर
दोन्ही डिस्क मितेशकडे नेल्या. या वेळी दाखवल्या. त्याने एकच विचारलं, जुनी कुठल्या बाजूला होती. मी कौलाचं सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. कोरी डिस्क जुनीवर पूर्ण उतरलीय, आता काही निघणार नाही, असं म्हणाला. पैसे घेतले नाहीत.
आईला अजून सांगितलेलं नाही. विचारते, लावतंस मां आज? वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. पण ठरवलंय, गाऱ्हाणं रक्तातच असतं. आयत्या वेळी येईल.

१ डिसेंबर
रक्तातून अजून पहिलीच ओळ आलीय. गुरुप्रसादकडे वही मागावी का? नको. एक दिवस आहे.

३ डिसेंबर
काल जत्रा. पुढ्यात नारळ, मागे सगळा गाव. "बा देवा म्हाराजा" म्हटलं. गाव म्हणाला, "होय म्हाराजा!" इथवर चोख.
पुढचं येईना. गाव थांबला. मागे वळलो. बायकांत आई पुढे उभी होती, डोळे मिटून, भाईंच्या वेळी उभी राहायची तशी. तिच्याकडे बघून तोंडातून निघून गेलं, "भाईंचो आवाज माझ्या हातान पुसलो गेलो."
सवयीने शंभरेक माणसं एका सुरात म्हणाली, "होय म्हाराजा!"
आईने डोळे उघडले.
पुढचं गाऱ्हाणं गुरुप्रसादने घातलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वही न उघडता. वही धरायला माझ्याकडे दिली होती.