बदकाजवळ लावलेली गाडी

बुधवार, सकाळचे दहा
पुढची खोली, खिडकीपाशी

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी एक वस्तू इकडे राहून गेली आहे. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात निळा स्वेटर, गुडघे आवाज करतात, तोंड त्याहून जास्त. पार्कातल्या हरवले-सापडलेच्या खोलीत मी कामाला होते तेव्हा नियम होता, तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू पार्काच्या मालकीची. तुझा शेवटचा फोन येऊन परवा तीन महिने होतील. म्हणजे परवा साहेब येऊन मला उचलून नेतील आणि गोल फिरणाऱ्या घोड्यांशेजारी उभी करतील. तेव्हा विसराळूबाई, ओळख पटवून वस्तू ताब्यात घ्यायची असेल तर घाई कर.

बाकी इकडे सगळं ठीक. तुझ्या आईला सध्या नीटनेटकेपणाची उबळ आली आहे. स्वयंपाकघरातले सगळे डबे एकसारखे आणले आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. काल मी चहात मीठ टाकलं आणि चष्म्याला चार शिव्या दिल्या. कोपऱ्यावरचा न्हावी बरा आहे. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच आहे.

पत्र नेहमीप्रमाणे आपल्या वरच्या मजल्यावरची तिकीटवाली लिहिते आहे. तीस वर्षं मुख्य गेटच्या खिडकीत बसून तिकिटं फाडली तिने, त्यामुळे अजूनही कागद हातात आला की आधी मधोमध दुमडते. तुला ठाऊकच आहे, माझा हात कापतो. तिला बजावलं आहे की मी बोलेन ते सगळं लिहायचं, मधलं काही गाळायचं नाही. ती हो म्हणाली आहे. बघू किती टिकते.

तर बातमी अशी, की पार्कात हॉटेल येतंय. अकरा मजली, तीनशे चाळीस खोल्या, आणि म्हणे प्रत्येक खिडकीतून मोठं चक्र दिसणार. आताचं उघडं पार्किंग, जिथे उन्हात गाड्या आणि बापलोक दोन्ही तापतात, तिथे सहा मजली इमारत होणार नुसती गाड्या ठेवायला. गेले दोन महिने गल्लीत दुसरा विषय नाही. न्हावी हॉटेलच्या बाजूचा. म्हणतो, "तीनशे चाळीस खोल्या म्हणजे निदान तीनशे डोकी, आजी!" मी म्हटलं, "आणि सगळी टकली निघाली तर?" तो म्हणाला, "दाढ्या तरी असतीलच की!" तिकीटवाली विरोधातली. सहा मजले उभे राहिले की तिच्या गॅलरीतलं ऊन जाणार. "मग माझे कपडे काय हॉटेलच्या गच्चीत वाळत घालू?" म्हणून ती महिनाभर भांडते आहे. (हेही लिहिलंस का गं? शाबास.)

शनिवारी पार्काने सगळ्यांना बोलावलं, हरकती ऐकायला. कुठे, तर बाहुल्यांच्या खेळाच्या सभागृहात. तिथल्या खुर्च्या पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या मापाच्या. टाय लावलेले चार साहेबलोक त्यांवर बसले, तर गुडघे पार कानांना टेकले. त्यातला एक, जाडसर चष्म्याचा, सुनावणीचा अधिकारी. टेबलावर काचेखाली हॉटेलचं खेळण्याएवढं घर, भिंतीवर मोठाली चित्रं. न्हावी दोन शब्द हॉटेलच्या बाजूने बोलला, घाबरला आणि तिसऱ्या शब्दाला सरळ "नमस्कार" म्हणून बसला.

आता मुद्द्याचं सांगते.

नाही, आधी तुझ्या आईच्या कंबरेचं सांगते. औषधाने उतार आहे. डॉक्टर म्हणाले वाकू नका, म्हणून ती आता उभ्याने मला ओरडते.

तिकीटवालीने पेन आपटलं आहे. म्हणते, "सांग की एकदाचं, माझी शाई संपेल." बरं.

तुला ती सापडलेल्या मुलांची खोली आठवते? पिवळ्या भिंती, छोटा पलंग, रडून दमलेलं एखादं पोर आणि कोपऱ्यात तू, शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढणारी. मुलं पार्कात हरवतात असं लोकांना वाटतं. पार्कात क्वचित. पोरं हरवतात ती गेट सुटल्यावर. आई एकीकडे गाडी शोधते, बाप दुसरीकडे, आणि दोघांनाही वाटतं पोर दुसऱ्याकडे आहे. म्हणून पार्किंगच्या पाट्यांवर अक्षरांखाली चित्रं आहेत. बदक, छत्री, किल्ली, किटली. चार वर्षांच्या पोराला विचारायचं, "गाडी कुठे रे?" ते नाक पुसत सांगायचं, "बदकाजवळ." बापाला विचारलं तर तो आठवत राहायचा, बी होतं की डी होतं. एकोणतीस वर्षांत बदक एकदाही चुकलं नाही.

नव्या पार्किंगात चित्रं नाहीत. एक साहेब काठीने दाखवत होता, सहा मजले, मजल्याला आठ रांगा, रांगेला अक्षर, गाडीला आकडा. आणि पार्कातून बाहेर पडायची वाट हॉटेलच्या दुकानांमधून, वळणावळणांची. सापडलेल्या मुलांची खोली कुठे, विचारलं तर म्हणाला, "आता गरज नाही आजी, गाडी कुठे आहे ते मोबाइल सांगेल." मी म्हटलं, "चार वर्षांच्या पोराचा मोबाइल कुठल्या खिशात असतो, तेवढं दाखवा." लोक हसले. माझ्या शेजारी ही तिकीटवाली उठली आणि मोठ्याने म्हणाली, "हा नकाशा ज्याने काढलाय त्याने झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन कधी शंभर पावलं टाकली नसतील! उंटावरचा शहाणा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या.

कारण भिंतीवरच्या चित्रात हॉटेलसमोर झाडं होती, आणि प्रत्येक झाडाच्या खोडात एक छोटंसं गोल भोक होतं.

मी तीनदा जवळ जाऊन पाहिलं. सगळ्या झाडांना. माझ्या टेबलाखाली बसून तू काढायचीस तश्शी. मी विचारायचे, "भोक कशाला गं?" तू म्हणायचीस, "कुणाला लपायचं असलं तर." चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नावं लिहिली होती, पण मला त्यांची गरज पडली नाही.

तिकीटवाली माझ्याकडे बघते आहे. पेन हवेत आहे. हो बाई, तो नकाशा आपल्या भिंगरीनेच काढलाय. लिही पुढे. शनिवारपासून मी कुणाला बोलले नव्हते, तिकीटवाले, तुलाही नाही. तुला सांगितलं असतं तर तू गल्लीभर माफी मागत फिरली असतीस.

(मी लिहिणारी. भिंगरी, बाळ, मला खरंच माहीत नव्हतं. उंट मागे घेते. उन्हाबद्दलचं मात्र मागे घेत नाही.)

म्हणजे तुझ्या फोन न करण्याचं कारण मला शनिवारीच कळलं. पहिलं मोठं काम, तेही आपल्या दाराशी, आणि आजीला सांगायचं कोणत्या तोंडाने. वेडे, मला आनंदच झाला असता. झालाच. त्या टायवाल्यांमध्ये मी एकटीच अशी होते की छाती फुगली होती आणि आवळूनही धरली होती. मी मूग गिळून बसणार होते. तुझं काम, तुझं नाव. म्हटलं, गप्प राहू, नंतर फोनवर तुझे कान उपटू, तू गुपचूप चित्रं घालशील.

पण मग मला पोरं दिसायला लागली गं. एक लाल टोपीतलं आठवलं, त्याला आईचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं, नुसतं "किटली, किटली" करत होतं. मी उठले आणि म्हटलं, "माझी हरकत आहे."

सुनावणीच्या साहेबांनी एक फॉर्म पुढे केला. "तोंडी चालत नाही. लेखी द्या."

आता तुला जे सांगायचं होतं ते इथे आहे. माझा हात कापत नाही. कधीच कापला नाही. सुईत दोरा अजून मी पहिल्या झटक्यात ओवते. मला लिहिता येत नाही, भिंगरे. वाचताही येत नाही. चष्म्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

पार्कातल्या रजिस्टरमधलं अक्षर तिकीटवालीचं. मी खुणेची चित्रं काढून ठेवायचे, ती जेवणाच्या सुट्टीत येऊन भरायची. आणि पाट्यांवरचं बदकही पोरांसाठी नव्हतं आधी. रडणाऱ्या पोराचा हात धरून त्याला त्याच्या रांगेत न्यायचं काम माझं, आणि मला पाट्याच कळायच्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात एका पोराला घेऊन मी तासभर भलत्याच रांगांतून हिंडले. दुसऱ्या दिवशी पार्काच्या रंगाऱ्याला गाठलं आणि मोठ्या साहेबांना सांगितलं, मुलांना गंमत वाटेल. साहेबांनी माझी पाठ थोपटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी एकोणतीस वर्षं झाकली.

तुझ्यापासूनही. दुपारी मी तुला गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवायचे, ती सगळी चित्रं पाहून रचलेली होती. म्हणून तर रोज वेगळी व्हायची. तू चिडायचीस, "काल अस्वल घरी गेलं होतं, आज नदीवर कसं?" मी म्हणायचे, "काल रविवार होता." पाचवीत असताना तू मला कविता वाचायला दिलीस तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिले. तू माझं डोकं चेपत बसलीस. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

शनिवारी तो फॉर्म समोर होता, आणि सगळी गल्ली, जुने साहेब, तुझी आई मागच्या रांगेत. तिकीटवाली पेन काढायला लागली होती नेहमीसारखी, "हिचा हात कापतो" म्हणत. मी तिचा हात खाली केला. म्हटलं, "साहेब, मला लिहिता येत नाही. आणि म्हणूनच माझी हरकत आहे. तुमच्या सहा मजल्यांत माझ्यासारखं माणूस आणि चार वर्षांचं पोर, दोघंही हरवणार."

तुझ्या आईने तोंडावर पदर धरला होता. काल रात्रीच्या जेवणापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि आज सकाळी बघते तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठीखाली चित्र. मिठाच्या डब्यावर तिने काय काढलंय ते मला कळत नाही. ढग असावा.

त्या साहेबांनी मग स्वतःच पेन उघडलं, छोट्या खुर्चीतून उठून माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "सावकाश सांगा आजी, मी लिहितो." मी सांगितलं, ते लिहून परत मला वाचून दाखवलं. एक शब्द त्यांनी भारी घातला होता, तो मी काढायला लावला. खाली अंगठा दिला.

आता त्याचं फळ ऐक. नकाशा परत पाठवला आहे. एकवीस दिवसांत दुरुस्त करून आणायचा, नाहीतर काम दुसऱ्या ऑफिसला देणार. म्हणजे तुझ्या पहिल्या मोठ्या कामावर पहिली कुऱ्हाड तुझ्या आजीची. हे तुला ऑफिसात कळलं असेलच, फक्त हरकत घेणारी म्हातारी कोण हे कळलं नसेल. मीच ती. नाव मी तुझं घेतलं नाही, पण हरकतही मागे घेणार नाही. माझ्यावर चिडलीस तर तुझा हक्क आहे. दोन दिवस चीड. त्यापेक्षा जास्त दिवस चिडायला तुझ्याकडेही वेळ नाही.

हॉटेल बांध बाई. न्हाव्याला दाढ्या मिळू देत. पण एकदा इकडे ये. सातला गेट सुटतं, तेव्हा आपण दोघी गर्दीबरोबर बाहेर पडू. तू खांद्यावर तांदळाची एक गोणी घे, झोपलेल्या पोराइतक्या वजनाची, आणि त्या वाटेने चाल. कुठे थांबावंसं वाटतं, कुठे हात सुटतो, कुठे दिवा हवा, ते मी सांगते, तू काढ. या कामात माझ्याएवढं शिकलेलं माणूस तुला त्या ऑफिसात सापडणार नाही. मग बस माझ्याजवळ आणि मला सहा मजल्यांना सहा चित्रं विचार. विचार करून ठेवली आहेत. आधी सांगणार नाही.

तू तीन महिने लपवलंस, मी तुझं सगळं आयुष्य. हिशेब नको मांडू, मी हरेन.

आणि खायला काही पाठवायचं मनात असेल तर ती टिनातली बिस्किटं नकोत, दातांत अडकतात. नासपती दे. चार, पूर्ण पिकलेली, देठाशी दाबली की बोट रुतेल अशी. फार राग असेल तर पार्सलने पाठव. पण पिकलेली नासपती पार्सलमध्ये चेंगरते, ती हातातच आणावी लागते.

तुझी,
आजी
(हा अंगठा माझा. या खेपेला सही तिकीटवालीला करू दिली नाही.)