पिंपळाच्या पानातला हत्ती

श्रीयुत सुखरामजी व्याही यांस,

बालाघाटहून बंडोपंताचा नमस्कार. आपण, विहीणबाई आणि राइस मिल तिघेही खुशाल असाल अशी आशा करतो. ऊन तापू लागले की विहीणबाईंच्या गुडघ्याला आराम पडतो असे आमची सूनबाई मंजुषा म्हणते. त्या हिशेबाने तो सध्या बरा असावा. आपल्या कोंड्याच्या खोकल्याचे काय ते कळवावे. हे सगळे फोनवरही विचारता आले असते. पण आपण फोन स्पीकरवर ठेवता, आणि मग आमचे घरगुती बोलणे आपले हमाल, ट्रकवाले आणि निम्मे वारासिवनी गाव ऐकते. म्हणून पत्र.

पत्रास कारण, पिंपळाचे एक पान. गेल्या आठवड्यात आपण आमच्याकडे जेवून गेलात तेव्हा टीपॉयवर एक गुंडाळलेले, एका टोकाला दातांनी चपटे केलेले पान ठेवून गेलात. ते अजून तिथेच आहे. वाळून काळे पडले आहे, फुंकर घातली तर चुरा होईल, पण त्याला हात लावायची या घरात कोणाला परवानगी नाही. टीपॉयचा तो कोपरा माझ्या चष्म्याचा होता. आमचे लग्न झाल्यापासून होता. आता चष्मा फ्रीजवर असतो आणि तो शोधायला मला चष्मा लागतो. एका सभ्य गृहस्थाने दुसऱ्या सभ्य गृहस्थाचा चष्मा असा बेघर करावा याला शास्त्राधार कोणता, हे आपण कळवावे.

आपण म्हणाल, पंडितजी एका पानासाठी एवढे काहून तापून राह्यले. तर मुळापासून सांगतो. आपल्या आणि माझ्या नातीच्या, म्हणजे श्रद्धाच्या, केजीच्या वर्गात रीना मॅडमनी वसंत सप्ताह काढला हे आपणास ठाऊक आहे. (आपणास शेवटचा दिवसच ठाऊक आहे. आधीचे सगळे दिवस मी निभावले.) पहिल्या दिवशी ओल्या कापसात चवळी पेरायची होती. ती मी रात्री भिजवली. श्रद्धाने सकाळी उठून ती "आबा, इसको ठंड लग रही है" म्हणत माझ्या मफलरमध्ये गुंडाळली, आणि चवळीला मफलरमध्येच मोड आले. मग पानांचे ठसे आले. त्यासाठी आंबा, जास्वंद आणि कढीपत्ता मी पुरवला. हिरवा रंग माझ्या धोतराने पुरवला नसला तरी घेतला मात्र भरपूर. नंतर आंब्याचा मोहर हुंगायचा दिवस. मुलांबरोबर मीही हुंगला आणि दुपारपर्यंत शिंकत होतो. ही सगळी सेवा मी एका आशेवर केली. आजी-आजोबांच्या दिवशी वर्गापुढे बोलायला रीना मॅडमनी मला बोलावले होते. आपल्याला नव्हे, मला. नातीच्या डोळ्यांत चार इंच उंच व्हायची एवढी संधी आयुष्यात परत कुठली येणार. (आमच्या अनुरागच्या बदलीचे कागद त्याच आठवड्यात आले. तो विषय वेगळा.)

मी तक्ता केला. शाळेच्या अंगणात पिंपळ आहे, त्याला तांबूस पालवी फुटलेली, तेव्हा विषय पिंपळ. अश्वत्थ, चलदल, बोधिद्रुम अशी नावे मोठ्या अक्षरांत काढली. मुलांना वाचता येत नाही हे नंतर लक्षात आले. तरी सुरुवात बरी झाली. चलदल म्हणजे ज्याचे पान सारखे हलते तो, हे सांगून मी हात हलवून दाखवला, तर मुलांनी मला टाटा केला. इथेच थांबायला हवे होते. पण माझी विद्या मला गप्प बसू देत नाही. मी म्हणालो की पिंपळाला कुंजराशन असेही म्हणतात, म्हणजे हत्तीचे खाणे. याची पाने हत्ती येऊन खातो.

झाले. सगळा वर्ग खिडकीकडे वळला. पिंपळ समोर, पाने भरपूर, तेव्हा हत्ती येणारच. मी ऋतूंविषयी बोललो, पालवीविषयी बोललो, माझ्यासमोर नुसत्या वेण्या आणि मानेची मागची बाजू. शेवटी एका मुलाने विचारले, "हाथी कब आएगा?" मी सत्य सांगितले. (मास्तरकीत ही खोड लागते.) हत्ती येणार नाही, हे एक जुने नाव आहे, असे म्हणालो. तो मुलगा रडू लागला, मग शेजारचा, मग सगळी रांग. श्रद्धा रडली नाही. ती खाली मान घालून बुटाची पट्टी उघडत आणि लावत बसली. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागले.

आणि अशा वेळी आपण उशिरा आलात. कुर्त्यावर कोंडा, हातात गाडीची किल्ली. आत येऊन "काहून रडून राह्यले रे हे लेकरं?" असे मला विचारलेत, जणू मीच त्यांना चिमटे काढले. श्रद्धाने हत्तीचे सांगितले. आपण परत बाहेर गेलात, पिंपळाचे पान तोडलेत, गुंडाळलेत, चावलेत, आणि खिडकीखाली लपून जो काही आवाज काढलात तो ऐकून रीना मॅडमसुद्धा खुर्चीवरून उठल्या. "आ गया! हाथी आ गया!" पुढचा तासभर मुले अंगणात पिपाण्या वाजवत होती आणि मी तक्त्याची सुरळी करत होतो.

सुखरामजी, एक मुद्दा नोंदवतो. हत्ती माझा होता. त्याला वर्गात मी आणला. आपण फक्त तो ओरडवलात. पण घरी हत्ती "नानाजी का हाथी" झाला आहे. श्रद्धाने सप्ताहाचे चित्र काढले त्यात पिंपळ आहे, हत्ती आहे, हत्तीवर आपण आहात (पोट हुबेहूब). मी कुठे म्हणून विचारले तर तिने कोपऱ्यातला एक चौकोन दाखवला. त्याला पाय आहेत. तो तक्ता आहे, म्हणजे मी.

असो. मुलांनी निसर्ग शिकावा, कोणाकडून का होईना. माझ्या मनात काही नाही. विहीणबाईंना नमस्कार, चिरंजीव मिलला आशीर्वाद.

आपला,
बंडोपंत

ता.क. — पिपाणीला पान कोणते घ्यावे? मी देवळामागच्या पिंपळाची कोवळी, लाल पाने आणतो, ती फाटतात. जून पाने वाजत नाहीत, नुसती थुंकी उडते. मी न्हाणीघरात दार लावून सराव करतो. काल एकदा आवाज निघाला, तर ही बाहेरून म्हणाली की नळाला पाणी येतेय वाटते. धीर करून श्रद्धासमोर वाजवून पाहिले. तिने नीट ऐकून घेतले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आबा, ये हाथी बीमार है."

ता.क. २ — तेव्हा रविवारी येऊन मला शिकवावे. श्रद्धा शेजारी खेळायला जाते त्या वेळेस यावे. मंजुषाला सांगू नये. हे पत्र मिलमध्ये मोठ्याने वाचू नये.

ता.क. ३ — बदलीचा विषय वेगळा नाही. मे संपताना ती तिघे इंदूरला जातील, हे मंजुषाने आपल्याला सांगितलेच असेल. मग उरला फोन. फोनवर आपण पान वाजवाल आणि ती धावत येईल. मी काय करू? तक्ता फोनवर ऐकू येत नाही. चार वर्षांच्या पोरीच्या लक्षात काय राहते हे मी एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत पाहिले आहे. फार थोडे राहते. आपला हत्ती राहील. ती मला विसरेल, याची मला भीती वाटते.

रविवारी जरा लवकर या.